मी कोपरापाशीच थांबलो

माझी सगळी नोकरी लोकांच्या कोपरामागे बोट घालण्यात गेली. हसायला येईल, पण खरं आहे. कोपर चुकून दाराच्या चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती जागा सगळ्यांना ठाऊक असते. तिथे हाडाच्या खोबणीतून एक नस जाते. निरोगी माणसाची ती नस बोटाखाली मऊ लागते आणि सरकते. कुष्ठरोगात ती सुजते, जाड होते, कधी सुतळीसारखी कडक होते. ती चाचपायची आणि कागदावर ‘जाड’ किंवा ‘नाही’ लिहायचं, यासाठी सरकारने मला निवृत्त होईपर्यंत पगार दिला.

हुद्दा ‘कुष्ठरोग तंत्रज्ञ’. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा वडील यातला पहिला शब्द गिळायचे आणि नुसतं ‘तंत्रज्ञ’ म्हणायचे. सासरे बरेच दिवस मला वीज मंडळातला समजत होते आणि घरातला पंखा नीट फिरला नाही की माझ्याकडे बघायचे. खरं कळलं तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांना काही करता आलं नाही.

आमचं सामान एका खांद्यावरच्या पिशवीत मावायचं. बॉलपेन, कापूस, मोजपट्टी, तक्ते आणि गोळ्यांची पाकिटं. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं, पेनाचं टोक हाताला हलकेच टेकवायचं आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगायचं. मग पंज्याची ताकद बघायची. मग ठरलेले प्रश्न. अंगावर चट्टा आहे का, गरम भांडं लागल्याचं कळतं का, चालताना चप्पल पायातून निसटते आणि समजतही नाही असं होतं का. हा चपलेचा प्रश्न मी किती हजार वेळा विचारला असेन कोण जाणे. झोपेत विचारायचो, असं बायको म्हणते.

साक्रीला असताना आठवडी बाजाराच्या दिवशी आम्ही बाजाराच्या कडेला एका चिंचेखाली बसायचो. डोंगरातल्या गावांतून आलेली माणसं त्या चिंचेला वळसा घालून जायची. आमच्या समोर उभं राहिलेलं कोणी बघितलं, तर संध्याकाळच्या आत ते गावात पोचायचं. एक म्हातारे बाबा मात्र दर बाजाराला स्वतःहून यायचे. त्यांना काहीही नव्हतं. पाठीवर जन्मापासूनचा एक पांढरट डाग होता आणि त्यावरून भावाच्या घरचे त्यांना पंगतीत बाजूला बसवायचे. मी तपासून हळू आवाजात “काही नाही बाबा” म्हणालो की ते म्हणायचे, “जोरमा सांगा, भाऊ.” मग मी उभा राहून बाजाराला ऐकू जाईल असं सांगायचो. पंगतीत त्यांना परत आत घेतलं की नाही, ते मला कधी कळलं नाही.

आता माझ्या डोक्यात हवा कशी गेली ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

एस.टी.चा एक कंडक्टर होता. त्याचा उजवा पंजा वाळत चालला होता. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये तळहाताच्या मागच्या बाजूला मांसाचा उंचवटा असतो, तिथे खळगा पडला होता. तिकिटाच्या मशीनची बटणं दाबायला तो डावा हात वापरायचा. एका नावाजलेल्या डॉक्टरांनी त्याला मानेचा मणका सांगून गळ्याला पट्टा लावला होता. सहा महिने तो पट्टा घालून तिकिटं फाडत होता. अंगावर चट्टा एकही नव्हता. मी कोपरामागे बोट घातलं आणि नस हाताला लागली ती सुतळीसारखी. चट्टा नसलेला, नुसत्या नसेचा कुष्ठरोग असतो, तो हा. मी सांगितलेलं आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी पटलं नाही. वर तपासणी झाली आणि माझं खरं निघालं. वेळेवर उपचार झाले, हात बराचसा परत आला. कंडक्टर पेढे घेऊन आला आणि त्याने तो गळ्याचा पट्टा माझ्या टेबलावर ठेवला.

ही केस पुढे प्रत्येक प्रशिक्षणात सांगितली जायची. “सोनवणेंची बोटं” असं साहेब लोक म्हणायचे. मी वरवर नको नको म्हणायचो, पण मनातून मला ते फार आवडायचं. नव्या मुलांना मी सांगायला लागलो की मणका-बिणका हे न कळलेल्या डॉक्टरांचं बोलणं असतं, हात वाळला की आधी कोपर धरा.

आता अक्का. तिचं नाव आणि गाव मी लिहीत नाही. अमळनेरच्या पुढे, बोरी नदीच्या अंगाचं गाव, एवढं पुरे. ती आता नाही. तिच्या सुनेला, रेखाला, विचारून हे लिहितो आहे.

अक्काचं वय तेव्हा पन्नाशीच्या थोडं पुढे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. आणि अक्का मांडे करायची. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो, मांडा म्हणजे आमची खापरावरची पुरणपोळी, पण ती पोळपाटावर लाटत नाहीत. पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत वाढवायचा, पंज्यापासून कोपरापर्यंत पसरू द्यायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. लग्नात आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, हे लागतंच. प्रत्येक घरातल्या बाईला जमतं असं नाही, म्हणून जिचा हात चांगला तिला बोलावणं येतं. अक्काला आजूबाजूच्या पाच-सहा गावांतून बोलावणं यायचं. तिच्या मांड्यातून पलीकडचा दिवा दिसतो, असं लोक सांगायचे.

गावोगाव संशयित रुग्ण शोधायची मोहीम होती. मंगला नावाची त्या गावची आशा, म्हणजे घरोघर फिरून आरोग्याचं काम करणारी गावातलीच सून, मला अक्काकडे घेऊन गेली. अक्का ओट्यावर बाजेवर बसली होती. तिने दोन्ही हात पुढे केले आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, “भाऊ, मांडा फाटस. पह्यले कधी फाटे नही. दोन्ही हातमा बळच ऱ्हायनं नही.”

पंज्यांवर तोच खळगा. दोन्हीकडे. बोटं किंचित आत वळलेली. पेनाची टोचणी करंगळीकडे नीट कळत नव्हती. चट्टा नव्हता. मी माझा ठरलेला प्रश्न विचारला.

“हां, चप्पल निंघी जास,” ती म्हणाली. “माले समजस बी नही.”

मी कोपर धरलं. तिचे दंड आणि हात इतके सुकले होते की कातडीखाली फारसं काही नव्हतंच, आणि नस लगेच बोटाला लागली. मला ती जाड लागली. हे वाक्य मी पुष्कळदा मनात लिहून पाहिलं आहे. नस जाड होती असं नाही, मला जाड लागली. मांस गेलं की कोणाचीही नस वर आल्यासारखी वाटते, हे मी नव्या मुलांना शिकवत असे.

बाकीच्या खुणा माझ्यासमोर होत्या. दोन्ही हात सारखेच आणि एकाच वेळी वाळलेले होते. कुष्ठरोग इतका मोजूनमापून सहसा येत नाही. टोचणी मी पंज्यावर बघितली, मनगटाच्या वर गेलोच नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मी तिला बाजेवरून उठवलं नाही. परक्या वयस्क बाईला “जरा चालून दाखवा” म्हणायची आमच्याकडे रीत नव्हती. लुगडं सावरत ओट्यावर येरझारा घालायच्या, शेजारणी बघणार, मला तो चावटपणा वाटायचा. बाई बसलेली असताना उघडं मिळतं ते कोपर, म्हणून आम्ही कोपरापाशी थांबायचो. तिला चार पावलं चालायला लावलं असतं तर पाय कसे फरफटत पडतात ते मंगलालासुद्धा दिसलं असतं.

आरोग्य केंद्रातले डॉक्टर नवीन होते. त्यांनी कागद बघितला, मला विचारलं, “काका, तुमची खात्री आहे ना?” मी म्हणालो, कोपर धरलंय साहेब. त्यांनी सही केली.

त्या उपचाराची बारा पाकिटं असतात, महिन्याला एक. पहिला डोस आमच्या समोर घ्यायचा. मी अक्काला सगळं नेहमीचं सांगितलं. हा रोग पापाने होत नाही, शापाने होत नाही, पहिल्या डोसनंतर दुसऱ्याला लागायची भीती राहत नाही, सगळ्यांत बसा, सगळ्यांत जेवा. तिने सगळं ऐकून घेतलं.

“मंग मना हातना मांडा कोन खाई?” ती म्हणाली.

मी म्हणालो, गोळ्या पूर्ण करा, सगळे खातील. मला तेव्हा ते खरंच वाटत होतं.

गाव बोलतं. मंगलाने कोणाला सांगितलं नाही, मी तर नाहीच. पण त्या गोळ्यांनी कातडी काळवंडते, लघवीला लाल होते, आणि दर महिन्याला सरकारी माणूस घरी येतो. तीन महिन्यांत पुरेसं झालं. आखाजीला शेजारच्या गावातून दुसरी बाई मांडे करायला आली आणि अक्काच्या गल्लीतून तिला वाजतगाजत नेल्यासारखं नेलं, असं रेखा सांगते. अक्काच्या हाताने तेव्हा मांडा झाला नसताच. तरी बोलावणं न येणं ही वेगळी गोष्ट आहे. त्या दिवशी ती जेवली नाही.

त्यानंतर रेखा माहेरी बाळंतपणाला गेली. मुलगी झाली. बाळ दोन महिन्यांचं होऊन घरी आलं तेव्हा मी सातवं पाकीट द्यायला गेलो होतो. रेखा शिकलेली, समजूतदार. तिने माझ्यासमोर बाळ पुढे केलं. “आत्याबाई, ल्या ना पोरले.” अक्काने हात पाठीमागे घेतले. मी म्हणालो, अक्का, घ्या, काही होत नाही, किती वेळा सांगितलं. ती हसली आणि मान हलवली.

“गोळ्या संपू द्या. मंग लिसू. आते कितलं ऱ्हायनं, भाऊ?”

पाच, मी म्हणालो. त्यानंतर मी गेलो की तिचा हाच प्रश्न असायचा. बाळ समोरच्या गोधडीवर असायचं आणि ती चार हात लांब बसून त्याच्याशी बोलायची. मला ते बघून वाईट वाटायचं आणि रागही यायचा, की इतकं समजावूनही ही बाई ऐकत नाही. राग तिचा यायचा, स्वतःचा नाही.

नसेची सूज उतरावी म्हणून मध्ये तिला दुसऱ्याही गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी माणसाला तात्पुरती तरतरी येते, भूक लागते. अक्काला बरं वाटलं. मी कार्डावर ‘सुधारणा’ लिहिलं आणि खाली तारखेसह सही केली.

आठव्या महिन्यात ती म्हणाली, “पाय कडक व्हतस. जमिनवर पडतस का नही, समजस नही.” मी ‘अशक्तपणा’ लिहिलं. तेव्हाच्याच सुमारास मंगलाने मला रस्त्यात गाठलं. इकडे तिकडे बघून म्हणाली, “भाऊ, अक्काले लघवी थांबत नही. त्या तुम्हले सांगाले लाजतस.” मीसुद्धा लाजलो. वयाने होतं बायकांना, म्हणालो आणि गाडीला किक मारली.

नववं पाकीट संपलं आणि चार दिवसांनी अक्का घराच्या पायरीवर अडखळली. समोरच्या दगडावर कपाळ आपटलं, मान मागे गेली. फार उंचावरून नाही, एका पायरीवरून. रेखा धावत आली तेव्हा अक्का शुद्धीवर होती, बोलत होती, पण हात हलत नव्हते आणि पाय जेमतेम. मंगलाचा फोन आला. मी गाडीची सोय केली आणि आम्ही तिला धुळ्याला सरकारी रुग्णालयात नेलं. वाटेत ती एकदाच बोलली. पाकिटं घरी राहिली, चुकायला नकोत, असं म्हणाली.

तिथे हाडांच्या विभागात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी रेखाला आधीपासूनचं सगळं विचारलं, हात कधीपासून वाळले, चालणं कधीपासून बिघडलं. मग खिशातून रबरी हातोडी काढली आणि अक्काच्या गुडघ्याखाली टकटक केलं. जे पाय अक्काला जेमतेम हलवता येत होते त्यातला एक पाय ताडकन उडाला. तळव्यावरून किल्ली ओढली तर अंगठा वर गेला. एवढ्याला एक मिनिट लागलं असेल.

“ही कोणत्या गोळ्या घेतेय?” त्यांनी विचारलं. मी माझ्या पिशवीतलं तसलं एक पाकीट दाखवलं. त्यांनी पाकीट वाचलं आणि त्या माझ्याकडे वळल्या.

“काका, हिला तुम्ही कधी चालायला लावलं होतं?”

मी नाही म्हणालो.

“गुडघ्यावर हातोडी?”

आमच्या पिशवीत हातोडी नसते, मी म्हणालो. हे उत्तर मी का दिलं, मला माहीत नाही. खरं होतं, म्हणून दिलं असेल.

मानेचा फोटो निघाला तेव्हा त्यांनी मला बोलावून दाखवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नीट शिकवल्यासारखं सांगत होत्या. मणक्यांच्या आत एक बोगदा असतो, त्यातून मेंदूपासून खाली जाणारा मज्जारज्जू जातो. अक्काचा बोगदा जन्मतःच अरुंद, त्यात वयाने मणके झिजून हाड वाढलेलं, गाद्या मागे सरकलेल्या. लेंग्याच्या नेफ्यात नाडी अडकून चिमटते तसा तो रज्जू मानेत दोन जागी चिमटला होता. तोही एका दिवसात नाही, काही वर्षं.

वाचकांना कळावं म्हणून माझ्या भाषेत सांगतो. विहिरीवरची मोटार बंद पडली की शेतकरी लगेच मोटार खोलत नाही. आधी डीपीपासून, म्हणजे शेतातल्या विजेच्या पेटीपासून, वायर बघत येतो. हाताचे स्नायू ही मोटार. त्यांना हुकूम देणाऱ्या पेशी पंज्यात नसतात, कोपरातही नसतात, त्या मानेतल्या मज्जारज्जूत असतात. तिथे दाब आला की हुकूम थांबतो आणि हुकूम नसलेला स्नायू वाळतो, माणूस कितीही खाऊ-पिऊ दे. पायांच्या वायरी त्याच चिमट्यातून खाली जातात. पायांच्या पेशी कमरेजवळ शाबूत असतात म्हणून पाय वाळत नाहीत, पण वरचा लगाम सुटतो आणि ते ताठरतात, उडतात, जमीन कळेनाशी होते, लघवी आवरत नाही. हात वाळलेले आणि पाय ताठ, अशी जोडी दिसली की दुखणं मानेत शोधायचं. कुष्ठरोगात गुडघा असा उडत नाही. मी कोपर बघितलं, कोपरात डीपी नव्हती.

चपलेचंही तसंच. ती निसटते आणि कळत नाही हे कुष्ठरोगातही होतं आणि मान दबल्यावरही होतं. मी हजारो वेळा प्रश्न विचारला, पण उत्तर आल्यावर पुढचा प्रश्न मला कोणी शिकवला नव्हता आणि मी शिकायला गेलो नव्हतो.

“नऊ महिन्यांपूर्वी आली असती तर?” मी विचारलं.

“चालत आली असती,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “ऑपरेशननंतर चालतच गेली असती, बहुतेक. हात पूर्वीसारखे झाले नसते, पण होते तेवढे राहिले असते.”

ऑपरेशन झालं. जीव वाचला. डाव्या पायात थोडी हालचाल आली, हातांत आली नाही.

त्यानंतर मी धुळ्यातून स्वतःसाठी एक हातोडी आणली आणि निवृत्त होईपर्यंत ती पिशवीत होती. प्रत्येक रुग्णाला, बाई असो की बाबा, दारापर्यंत चालायला लावायचो, आणि बायकांच्या वेळी मंगलासारखी कोणीतरी सोबत घ्यायचो. बोदवडचा एक हमाल त्यात सापडला. मानेवर पोती वाहून वाहून एक हात वाळलेला, गावात सगळे त्याच्यापासून लांब बसायला लागलेले. त्याचा गुडघा उडाला आणि मी त्याला त्याच दिवशी जळगावला धाडलं. त्याचं वेळेत झालं. हात काही भरून आला नाही, पण तो चालतो, चहाची गाडी लावतो आणि मी गेलो की पैसे घेत नाही. मी चहा पितो. त्याला अक्काबद्दल काही माहीत नाही.

अक्काला घरी आणल्यावर काही महिन्यांनी तिचं नाव आमच्या यादीतून कमी करायचा हुकूम निघाला. मला वाटलं, एवढ्याने भागत नाही, गावालाही सांगितलं पाहिजे. मारुतीच्या पाराजवळ माणसं जमवली आणि उभं राहून सांगितलं की अक्काला तो रोग नव्हता, निदान बदललं आहे. ‘निदान बदललं’ असंच म्हणालो. कोणी चुकवलं होतं ते त्या वाक्यात येत नाही, सरकारी वाक्यांची ही सोय असते. बायका डोळे पुसायला लागल्या, काही जणी तिथूनच अक्काच्या घराकडे निघाल्या. घोळक्याच्या मागे गावातले एक आबा उभे होते. त्यांच्या हाताची बोटं कुष्ठरोगाने गेलेली, पूर्ण बरे होऊन कित्येक वर्षं झालेली, त्यांच्या गोळ्या मीच दिल्या होत्या. जन्मभर मी सांगत आलो की या रोगात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि आज पारावर उभा राहून एका बाईला त्यातून निर्दोष सोडवत होतो. आबांनी काठी उचलली आणि ते घरी गेले. मी त्यांच्या मागे गेलो नाही.

अक्काकडे गेलो. बायका येऊन गेल्या होत्या. ती बाजेवर उशांना टेकून होती, हात रेखाने मांडीवर ठेवले होते तसेच. पाराजवळ जे बोलता आलं नव्हतं ते इथे बोलायचं ठरवून आलो होतो. मी खाली बसलो.

“अक्का, चूक माझी होती. मी नीट बघितलं नाही.”

 मग तिने विचारलं, “म्हंजे माले तो रोग व्हताच नही?”

“नव्हता.”

“पह्यलेपासून?”

“पहिल्यापासून.”

रेखा आतून बाळाला घेऊन आली. बाळ आता धरून उभं राहायला लागलं होतं. रेखाने त्याला बाजेला टेकवून उभं केलं आणि पोरीने समोर होतं ते, आजीचं बोट, मुठीत पकडलं. अक्काला ते कळलं नाही. ती माझ्याकडेच बघत होती. रेखा म्हणाली, “आत्याबाई, दखा,” तेव्हा तिने खाली पाहिलं. पोर बोट ओढत होती, तोंडाकडे नेत होती. 

“म्हंजे तव्हय पोरले हात लावता उना असता,” ती म्हणाली.

मी हो म्हणालो.